ओ ओढ्याचा, व वढ्याचा

मणेरबाई मला आधी ऐकू आल्या, मग दिसल्या. या दोन्हींच्या मध्ये अख्खा डोंगरउतार होता.

माझी नेमणूक उंबरखोऱ्याच्या शाळेवर झाली, तो पहिला दिवस. मी बेगडेवाडीचा. सकाळच्या लोकलने लोणावळ्याला उतरायचं, स्टेशनाजवळ ठेवलेली मोटारसायकल काढायची, कुरवंड्याला एका ओळखीच्या पडवीत ती लावायची आणि मग चालायला लागायचं. चढ चढून खिंड, खिंडीतून पलीकडे उतार आणि उताराच्या तळाशी खोरं. खिंडीत पोचलो तेव्हा माझा दम पार निघाला होता. खाली पाहिलं तर भाताची खाचरं, खाचरांमधून वाहणारा ओढा, ओढ्याच्या अलीकडे थोडी घरं आणि शाळेचं निळं पत्र्याचं छप्पर, पलीकडे झाडीत आणखी थोडी घरं. माणूस म्हणून कुठे दिसेना. आणि एवढ्यात खालून आवाज आला.

“ओ नवीन सऽऽऽर! बूट काढाऽऽ! हातात घ्याऽऽ! पुढची वाट शेवाळलीयेऽऽऽ!”

मी दचकून आधी आभाळाकडे पाहिलं, मग पायांकडे. मग निमूट बूट काढले आणि अनवाणी उतरलो. एवढ्या आवाजाची बाई म्हणजे चांगली धिप्पाड असणार, असं मनाशी धरून शाळेच्या अंगणात शिरलो, तर समोर माझ्या खांद्याला लागेल एवढी, काडीसारखी एक बाई उभी. पदर खोचलेला, हातात खडू, डोळ्यांत कमालीचा उत्साह.

“माझे बूट तुम्हाला एवढ्या लांबून दिसले?” हा माझा त्यांना पहिला प्रश्न.

“छे हो! अख्खा माणूस मुंगीएवढा दिसत होता, त्यात बूट कुठले दिसतायत? पण नवीन सर म्हणजे नवे बूट असणारच.” मग चेहरा गंभीर करून म्हणाल्या, “पण तुम्ही ओ दिली नाहीत.”

“काय दिलं नाही?”

“ओ. इथे हाक मारली की आधी ओ द्यायची असते, सर. ओ आली नाही की वाटतं, माणूस पडला की काय.”

अशी ही जुबेदा मणेर. लोणावळ्याच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत घर, नवरा रेल्वेत. खोऱ्यात मात्र त्यांना जुबेदा कोणी म्हणत नसे. पोरं ‘बाई’ म्हणायची आणि म्हाताऱ्या बायका ‘मणेराची लेक’ म्हणायच्या. कारण त्यांचे वडील बांगड्या विकायला याच डोंगरांत हिंडायचे. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन खिंडीत उभं राहायचं आणि तिथून हाळी द्यायची. हाळी म्हणजे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराला लांबवून मारलेली हाक. “बांगड्याऽऽऽ!” ही हाळी खोऱ्यात उतरली की बायका लावणी टाकून, हात धुऊन अंगणात येऊन बसायच्या. बाई लहानपणी सुट्टीत वडिलांबरोबर असायच्या. ती हाळी त्यांच्या गळ्यात तिथून आली.

“ओरडायचं नसतं, सर,” त्या मला शिकवायच्या. “ओरडलं की आवाज इथेच फुटतो. लांबवायचा. शेवटचं अक्षर हातातून सोडून द्यायचं, मग ते जातं आपोआप.”

मी कितीतरी वेळा सोडून पाहिलं. माझं शेवटचं अक्षर शाळेच्या कुंपणाशीच पडायचं आणि पोरं खिदळायची.

बांगडीवाल्याची लेक, पण हातात बांगडी नाही. एका मनगटावर घड्याळ, दुसरं मोकळं. म्हाताऱ्या बायकांना हे फार खटकायचं. बाई म्हणायच्या, “फळ्यावर लिहिताना बांगड्या वाजतात. पोरं अक्षर सोडून बांगड्या बघत बसतात.” हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. माझ्या कानाशी येऊन काही खाजगी सांगितलं तरी चौथीच्या पोरांना ते समजायचं आणि तीही मधल्या सुट्टीत त्यावर मतं द्यायची. माझ्या लग्नाचं जमतंय ही बातमी खोऱ्यात अशीच पसरली.

त्या या शाळेत आल्या तेव्हाचा एक किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. पहिल्याच दिवशी कोण कुठून येतं हे कळावं म्हणून त्यांनी विचारलं, “पल्याडच्या वस्तीवर कोण कोण राहतं?” लोणावळ्यात त्यांना कोणीतरी सांगितलेलं, ओढ्याच्या पल्याड एक वस्ती आहे म्हणून. एकही हात वर नाही! “मग अल्याड कोण राहतं?” सगळ्या वर्गाचे हात वर. बाई चक्रावल्या. पल्याडची वस्ती ओस पडली की काय? शेवटी एका पोरीने खुलासा केला. “बाई, आमी अल्याडच ऱ्हातो. पल्याड हे सगळे ऱ्हात्यात.” आणि तिने बोट दाखवलं ते ओढ्याच्या या बाजूच्या पोरांकडे. ती पोरं उसळली. “आमी न्हाई पल्याड! पल्याड तुमी!” वर्गात रण माजलं.

“तेव्हा मला कळलं,” बाई म्हणायच्या, “पल्याड कोणीच राहत नाही. जो तो अल्याडच राहतो. पण शाळा आहे ना सर, ती त्या तिकडच्या पोरांना पल्याड वाटते. खरी गोची तिथे आहे.”

गोची खरीच होती. अलीकडच्या बहुतेक घरांनी पोरं लोणावळ्यात नातेवाइकांकडे शिकायला ठेवलेली. शाळेचा पट, म्हणजे नाव घातलेल्या पोरांची संख्या, टिकून होती ती पलीकडच्या पोरांवर. आणि पावसाळा लागला की ओढा चढायचा. पलीकडे जायला साकव, म्हणजे छोटा पूल, नाही; दुसरी वाट नाही. पलीकडची पोरं चार महिने पलीकडेच. पावसाळा सरेपर्यंत निम्मी अक्षरं वाहून गेलेली असायची आणि पोरी तर गुरांमागे कायमच्या गेलेल्या.

ठकूमावशी हे तोंडावर बोलून दाखवायची. ठकूमावशी म्हणजे पलीकडच्या वस्तीचं हायकोर्ट. तिच्या शब्दाबाहेर तिथे कोंबडंही आरवत नसे. तिची नात सोनी शाळेत घालण्याच्या वयाची झाली, तेव्हा बाई स्वतः ओढा ओलांडून तिच्या अंगणात गेल्या. मी बरोबर होतो.

“तुजा बा लय चांगला मानूस,” ठकूमावशी म्हणाली. “हातात बांगडी कदी पिचू दिली न्हाई. पर पोरगी काय मी शाळंत घालायची न्हाई.”

“का बरं मावशी?”

“पाऊस लागला की वढा चढतो. वढा चढला की शाळा ऱ्हाती पल्याड. चार म्हयने पोरगी घरीच की. त्यापरीस आत्तापास्नंच गुरं राकू दे.”

बाई क्षणभरही थांबल्या नाहीत. “आणि वढा चढल्यावर शाळा वढ्यावर आली तर?”

“म्हंजी?”

“म्हणजे तुझी पोरं तुझ्या काठाला, मी माझ्या काठाला. मी शिकवते, ती शिकतील.”

ठकूमावशी तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो असतो, पण बाईंचा चेहरा बघून हसू आवरलं. त्या ठरवून बसल्या होत्या. सोनीचं नाव त्या दिवशी शाळेत लागलं, पण अटीवर. एक पावसाळा शाळा बुडली की नाव बाद.

बाईंचं शिकवणंही जगावेगळं. हजेरीला पोरांनी ‘हजर’ म्हणायचं नाही, ‘उपस्थित’ तर नाहीच नाही. नाव घेतलं की लांबवून “ओऽऽऽ!” द्यायची. डोंगरातलं पोर परक्यासमोर तोंड उघडत नाही, पण हाकेला ओ मात्र झोपेतही देतं. म्हणून बाईंनी अक्षरंही तिथूनच सुरू केली. पहिलीच्या पोराला पहिलं अक्षर ‘अ’ नाही, ‘ओ’!

तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने यावर भुवया चढवल्या. “सुरुवात ‘अ’पासून हवी, बाई.”

“साहेब, ‘अ’ करतो तो अडखळलेला माणूस. माझी पोरं अडखळत नाहीत, ओ देतात.” आणि मग फळ्यावर मोठा ‘ओ’ काढून त्यांनी दाखवलं. “ही मात्रा पुसली की ‘आ’ झाला. काना पुसला की ‘अ’ झाला. एक शिकवला, दोन फुकट. बोला!”

अधिकाऱ्याने तो ‘ओ’ आपल्या वहीत उतरवून घेतला. पण बाईंची खरी जिरवली ती सोनीने. बाईंनी फळ्यावर ओढा काढला, त्यात मासा सोडला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “ओ ओढ्याचा!” पहिलीतली सोनी उभी राहिली.

“बाई, त्यो वढा हाय.”

“हो गं, पुस्तकात त्याला ओढा म्हणतात.”

“पर त्यो वढा हाय,” सोनी म्हणाली. वर्गाने तिला दुजोरा दिला. पोरं त्या पाण्यात रोज पाय बुडवून यायची, त्यांना त्याचं नाव माहीत नसेल? कोणीही दुसऱ्या बाईने ‘खाली बस’ म्हटलं असतं. मणेरबाई फळ्याकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टाळी वाजवली आणि ओढ्याच्या दुसऱ्या काठावर मोठा ‘व’ काढला.

“ओ ओढ्याचा, व वढ्याचा! पुस्तकात ओढा, तोंडात वढा, पाणी एकच! बघा सर, एका ओढ्यात दोन अक्षरं मिळाली!” आणि त्यांना इतका आनंद झाला की सगळ्या वर्गाला घेऊन त्या तडक ओढ्यावर गेल्या. त्या दिवशी गणित झालंच नाही.

त्यांची ती टाळी फार संसर्गजन्य होती. एका शनिवारी सकाळच्या शाळेतून परतताना मी आणि त्या भुशीच्या फाट्यावर अडकलो. धरणावर भिजायला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या एकमेकींत अशा घुसलेल्या की वाळवणातल्या कुरडयाही बऱ्या. सगळे हॉर्न वाजवतायत, कोणी हलत नाही. बाई माझ्या मागच्या सीटवरून उतरल्या, रस्त्याकडेच्या कठड्यावर चढल्या आणि हाळी दिली. “पांढरी गाडीऽऽ, मागेऽऽ! लाल शर्टऽऽ, तू थांबऽऽ!” काय सांगू, पांढऱ्या दिसतील तेवढ्या सगळ्या गाड्या मागे सरकल्या! लाल शर्टवाले सगळे जागीच थिजले. रस्ता मोकळा झाला. कणीस भाजणारा एक पोऱ्या मला हळूच विचारतो, “ह्या मॅडम पोलिसातल्या का?” मी म्हटलं, “त्याहून वरच्या.” बाई सीटवर बसताना टाळी वाजवून म्हणाल्या, “बघितलंत? एकानेही ओ दिली नाही. शहरातल्या पोरांकडे फार दुर्लक्ष झालंय हो.”

पण हाळीचं काम नुसतं मजेचं नव्हतं. खोऱ्यात धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. अशाच एका सकाळी पहिलीतला म्हादू वाटेवरून घसरून कुठल्यातरी खाचरात पडला. रडायचा आवाज येत होता, पण कुठून ते समजेना. धुक्यात रडणं चारी बाजूंनी येतं. बाई बांधावर उभ्या राहिल्या. “म्हादूऽऽऽ! आधी ओ देऽऽ! मग रडऽऽऽ!” रडणं थांबलं. एक हुंदका. मग नेमकी एका दिशेने, बारीक, पण व्यवस्थित लांबवलेली ओ आली. आम्ही सरळ त्या ओच्या रोखाने चालत गेलो. चिखलाने माखलेल्या म्हादूला छातीशी धरून बाई म्हणाल्या, “आता रड हवं तेवढं.” त्याला आता रडायचं नव्हतं.

‘आधी ओ दे, मग रड’ हे पुढे सगळ्या शाळेचंच बोलणं झालं. गणित चुकलं, भांडण झालं, पाटी फुटली, सगळ्याला तेच.

आणि पावसाळा आला. ओढा चढला. आणि बाईंनी खरोखर ओढ्यावर शाळा भरवली!

पहिल्या दिवशी फजिती झाली. पाण्याचा आवाज एवढा की या काठाचं अर्धंच त्या काठाला पोचायचं. ‘ओ’ जायचा, ‘आ’ जायचा, पण ‘प’ आणि ‘फ’ मधल्यामध्ये बुडायचे. भाताच्या लावणीच्या वेळी लोक अंगावर घेतात तो काळा प्लास्टिकचा कागद बाई दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या. त्यावर चुन्याने अक्षर काढलं. ते पावसाने पाच मिनिटांत धुऊन टाकलं. मग मात्र आम्ही दोघं खताच्या पांढऱ्या गोण्या घेऊन बसलो. गोणीतून अक्षर कापायचं, काळ्या कागदावर ठेवून दाभणाने शिवायचं. माणसाच्या छातीएवढं एकेक अक्षर! बाई कापायच्या, मी शिवायचो, बोटांची चाळण झाली. पण या काठावर ‘म’ धरला की त्या काठावरून “मऽऽ!” यायचा. मी आनंदाने उड्या मारायचो, अगदी खरोखरच्या. मग बाईंनी अक्षरांचा दुसरा जोड शिवून, गुंडाळून, दोरीला दगड बांधून पलीकडे फेकला. आता पोरंही शब्द जुळवून दाखवायला लागली. घोंगडी पांघरून ठकूमावशी दगडावर बसून हे सगळं बघायची. बोलायची नाही, उठायचीही नाही.

एकच अडचण होती. जोडाक्षर गोणीतून कापणं आम्हाला काही जमेना. अर्धं अक्षर टाक्याला टिकत नसे. “राहू दे, पाऊस संपला की वर्गात शिकवू,” बाई म्हणाल्या.

त्याच पावसाळ्यात तालुक्याहून निरोप आला. पट कमी, पावसाळ्यात हजेरी नाही. शाळा बंद करून पोरं खिंडीपलीकडच्या शाळेला जोडायची. साहेब एकदा प्रत्यक्ष बघतील आणि ठरवतील. खिंडीपलीकडे! जी पोरं ओढा ओलांडू शकत नाहीत ती खिंड कशी ओलांडणार? त्यांच्यासाठी शाळा तिथेच संपली असती. सोनीची गुरं वाटच बघत होती.  अख्खी दुपार बाई फळा पुसत होत्या, फळ्यावर काही लिहिलेलं नसताना.

साहेब आले तो दिवस ओढ्याने निवडूनच दिलेला असावा. पाणी दुथडी, वरून धो धो. साहेब रेनकोटात निथळत, माझ्यासारखेच बूट हातात घेऊन उतरले. शांत, सभ्य माणूस. वर्गात पाहिलं तर अलीकडची दोन-तीन पोरं.

“बाकीची?” त्यांनी विचारलं.

“आहेत ना! चला,” म्हणून बाई त्यांना पावसात बाहेर घेऊन निघाल्यासुद्धा.

काठावर आलो. पलीकडे झाडी, पाऊस, दुसरं काही नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.  आज पोरं आली नसली तर? बाईंनी पदर खोचला, मान वर केली आणि हजेरी सुरू केली.

“सोनीऽऽऽऽ!”

पाण्याचा आवाज. पाण्याचाच आवाज. आणि मग झाडीतून, तो अख्खा ओढा ओलांडून, “ओऽऽऽऽ!”

“म्हादूऽऽऽऽ!”

“ओऽऽऽऽ!”

एकेका नावाला एकेक ओ! आणि एकेका ओबरोबर झाडीतून एकेक पोर बाहेर, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काळा कागद! साहेबांनी डोक्यावरची टोपी मागे सारली. पोरं काठावर रांगेत उभी राहिली आणि आपापले कागद उलगडून छातीशी धरले. आम्ही त्यांना हे शिकवलं नव्हतं. बाईंनी माझा हात घट्ट धरला. पावसातून अक्षरं दिसायला लागली.

आ मी हि तं हा य

शेवटचा ‘य’ म्हादूकडे होता आणि तो डोक्यावर उभा होता, म्हणजे ‘य’. “म्हादूऽऽ, उलटं आहेऽऽ!” बाई ओरडल्या. म्हादू आज्ञाधारकपणे स्वतःच उलटा फिरला आणि आमच्याकडे पाठ करून, कागद डोंगराला दाखवत उभा राहिला. मी हसतही होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. पावसात ते कोणाला दिसत नाही, एवढं बरं असतं.

साहेब ओठ हलवत वाचत होते. सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, “‘आम्ही’ पाहिजे. म ला ह जोडून.”

“पाहिजेच, साहेब,” बाई म्हणाल्या. “पण आमच्याकडे अर्धा म अजून शिवलेला नाही. आणि ही पोरं ‘आम्ही’ नाहीत हो, ‘आमी’ आहेत. तुम्ही शोधत होतात ना? ती ही.”

तेवढ्यात पलीकडून, दगडावरून, ठकूमावशी उठली. एवढे दिवस न उठलेली ठकूमावशी. कमरेवर हात ठेवून तिने अशी काही हाळी दिली की बाईंनीसुद्धा मान डोलावली.

“ओ सायेऽऽऽब! शाळा अल्याड हायऽऽऽ! आमच्यात हायऽऽऽ! बंद करायची आसंल तर हिकडं येऊन कराऽऽऽ!”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. ‘अल्याड’! हा शब्द ऐकायला त्या किती वर्षं थांबल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. साहेबांनी त्या फेसाळत्या पाण्याकडे पाहिलं, पलीकडे जाण्याचा काही विचार त्यांनी केलेला दिसला नाही, आणि मग त्या भल्या माणसाने दोन्ही हातांचा कर्णा करून, जमेल तेवढी लांबवून, ओ दिली. पलीकडे पोरांनी नुसता जल्लोष केला.

त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत पाऊस आणि काही ठिपके. “हजेरीला हा फोटो लावतो,” ते म्हणाले, “कोणी विचारलं तर सांगेन, हे ठिपके हजर होते.” रेंज नव्हतीच, म्हणून फोटो पाठवायला त्यांना परत खिंड चढावी लागली.

शाळा राहिली! पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यावर लोखंडी साकवही आला. काळे कागद गुंडाळून माळ्यावर गेले. ठकूमावशी मात्र त्यावर नाराज झाली. दगडावर बसून तीही ती अक्षरं शिकली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुस्तकातलं तिला दिसत नसे. “बारकं न्हाई गावत मला. मोटं लिवा,” म्हणायची. त्यामुळे ती पुस्तक नाही, दुकानांवरच्या पाट्या वाचायची. लोणावळ्याच्या बाजारातून परत आली ती वैतागून. “बाई, त्या लोनावळ्यात जिकडंतिकडं ‘चि’ लिवलंय. पुडचं काय हाय त्येच कळंना.” अर्धा क आम्ही शिवलाच नव्हता, त्यामुळे अख्ख्या गावाची चिक्की तिला अडून राहिली होती. बाईंनी त्याच संध्याकाळी गोणी काढली.

या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, “भाषण कशाला? मी कुठे परदेशी चाललेय? लोणावळ्याला तर चाललेय.” पण ठकूमावशी बायका घेऊन साकवावरून आली होती. तिने बाईंचा तो मोकळा हात ओढून घेतला आणि कनवटीतून हिरव्या बांगड्या काढल्या. “तुज्या बानं आमाला भरल्या. आता तुला आमी भरतो. गप बस.” बाई गप बसल्या. बांगड्या चढवताना ठकूमावशीने त्यांची बोटं अशी दाबली की एकही बांगडी पिचली नाही.

मग बाई निघाल्या. पोरांना वर्गात बसवा म्हणून मला ताकीद देऊन निघाल्या. पण वर्गात कोण बसतंय? आम्ही सगळे अंगणात उभे होतो आणि त्यांची पिवळी छत्री चढावर लहान लहान होत होती. छत्री खिंडीत पोचली. आता दिसेनाशी होणार, एवढ्यात सोनी धावत साकवाच्या मधोमध गेली. ती आता चौथीत आहे. तिने मान वर केली.

“मणेरबाईऽऽऽऽ!”

हजेरीचा सूर होता तो. छत्री थांबली. ओ आली नाही.

सोनीने पुन्हा हाक दिली. तरीही ओ नाही. इतक्या वर्षांत हाकेला मणेरबाईंची ओ आली नाही असं कधी झालं नव्हतं. ठकूमावशी पुटपुटली, “पडली का काय गं?” त्या पडलेल्या नाहीत हे मला माहीत होतं. सोनीलाही ते माहीत असावं. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

“बाईऽऽऽ! आधी ओ द्याऽऽऽ! मग रडाऽऽऽऽ!”

 आणि मग वरून ओ आली. फाटलेली, ओली, मधेच हसणारी. पण शेवटी नीट लांबवून, सोडून दिलेली. ती आमच्यावरून गेली, ओढ्यावरून गेली, पलीकडच्या घरांपर्यंत गेली.

सोनी साकवावरून परत आली. माझ्याकडे बघून म्हणाली, “हाजर हायेत,” आणि वर्गात जाऊन बसली.